भरतावरचं प्लास्टिक

धुळे, पौषातला बुधवार, संध्याकाळ

माझी थोरली बहीण अक्का जामनेरहून आली आणि तिनं थेट फ्रिज उघडला. वाडग्यावरचं प्लास्टिक नखानं टोकरत म्हणाली, "भाऊ, हाई कालनं भरीत शे ना? फेकी दे. एकटा ऱ्हाऊ नको, जामनेरले चाल."

बायको गेल्यापासून घर मी चालवतो. सुरकुती न पडू देता ते प्लास्टिक ताणायला शिकण्यातच सहा महिने गेले. आणि निकाल एका वाडग्यावरून?

शिळ्याला संस्कृतात पर्युषित म्हणतात, हे जन्मभर शिकवलं, आता खातो. प्लास्टिक काढलं, तिच्यासमोर भरीत थंडच भाकरीशी संपवलं.

जाणार नाही. उद्याही भरीत दोन दिवसांचंच करणार. अक्का आहे तोवर ते एका दिवसात संपेल, एवढंच.