पत्रकातला निळा शर्ट

सोम. ता. ३
हे शुक्रवारी दूध आणायला गेले ते अजून आले नाहीत. हल्ली घरचा पत्ताही आठवत नाही त्यांना. पोलिसांत नोंद झाली. धाकटे भाऊजी म्हणतात, पत्रकं छापू. पुतण्याच्या हळदीतला फोटो मोबाइलमधून काढला. गेले तेव्हा अंगात तोच निळा शर्ट. पण फोटो घोळक्यातला, चेहरा पुसट. पूजा केली. जेवण भाऊजींकडून आलं.

मंगळ. ता. ४
छपाईच्या दुकानात. दुकानदार प्रमोदने कॉम्प्युटरवर चेहरा मोठा करून शार्प केला. जितका स्पष्ट होत गेला, तितका परका. सुरकुत्या कोरल्यासारख्या, डोळ्यांभोवती पांढरी कड. म्हटलं, कमी करा.
"कमी केलं तर लांबून ओळखू येणार नाहीत, ताई."
मग राहू दिलं.
घरी सासूबाईंना दाखवला. "हाऊ मना आंडोर नही शे." पोटच्या मुलालाच आपला नाही म्हणाल्या, भिंतीकडे तोंड करून निजल्या.

बुध. ता. ५
पत्रकं आली. शर्ट जांभळा! प्रमोद म्हणतो, पडद्यावर उजेडाचे रंग, छपाईत शाईचे. बदलताना एवढा भडक निळा शाईत बसत नाही, जांभळट होतो.
भाऊजी भडकले. "मग आधी नाही सांगायचं? लग्नपत्रिका आहे का ही?"
पुन्हा छापायला थांबवेना. अमळनेर, पारोळा, धुळे, सगळीकडे लावली. आज एकादशी होती, जेवल्यावर लक्षात आलं. भात खाल्ला होता.

शुक्र. ता. ७
धुळ्याहून फोन. स्टँडवरचा चहावाला.
"वहिनी, काल एक जण बसले होते इथं. चहा पाजला. तुमच्या पत्रकात शर्ट जांभळा, त्यांचा निळा. म्हटलं दुसरंच कोणी. पण मनातून जाईना, म्हणून फोन केला."
"कुठं गेले?"
"उठले, गर्दीत गेले."
भाऊजी लगेच निघाले. हात हलवत परतले. मी कणीक मळली. किती जणांची, बघितलं नाही.

शनि. ता. ८
पुन्हा प्रमोदकडे. त्याने गुलाबी शाई कमी केली, आधी एकच कागद काढून दाखवला. शर्ट जरा मळकट, पण निळा. भाऊजी म्हणाले, चालेल.
"चेहराही थोडा मऊ केलाय, ताई. असेच दिसतात ना?"
जुना आणि नवा, दोन्ही कागद धरून बघितले. सांगता येईना. डोळे मिटले तर पत्रकातलाच चेहरा येतो. त्याच्या आधीचा येत नाही.
प्रमोद थांबलेला. भाऊजी घाईत.
"वहिनी, हो म्हणा. धुळ्याची गाडी निघेल."
हो म्हटलं.