आभाळातली घुंगरमाळ

॥ सेवाभाया प्रसन्न ॥
पांढरकवड्याजवळचा तांडा
२२ एप्रिल १९६१

चिरंजीव धनी हीस रामधनभियाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

आपल्या म्होरक्या बैलाची घुंगरमाळ काल पुन्हा कानात वाजली. बैल नाही, बैलांवर मीठ-धान्य लादून नेणारी ती लदेणी नाही, बापू नाहीत. आवाज तेवढा उरला. आठवतं? रात्रीच्या मुक्कामी गोण्या उतरल्या की बापू दक्षिणेकडचा तो तेजाळ ताऱ्यांचा झुबका दाखवत. म्हणत, ही आभाळातली घुंगरमाळ, तिचा बैल तेवढा दिसत नाही. जन्मभर शाळेत कविता शिकवल्या, पण इतकी गोड ओळ मला कुठं सापडली नाही. पेन्शनीत आल्यापासून दर वैशाखात अंगणातून शोधतो. नाहीच! बापूंनी आपल्याला भुलवलं की काय, या विचारानं जीव कासावीस होतो.

तुझ्या मोतीबिंदूचं काय? थोरल्या भावाचं ऐक, डॉक्टरकडे जा, भित्रे. लोभ आहेच, भांडून वाढवावा.

तुझा भिया

मुकुटबन
२ मे १९६१

तीर्थरूप भियास धनीबाईचा दंडवत.

पत्र नात जमनी लिहून राह्यली. मले तर ताटातला भातही धुकट दिसते.

बापूले खोटं काहून म्हणतं रे? मास्तर झाला अन् रस्ता विसरला! तवा आपला तांडा पार कृष्णेपर्यंत गेलता. बैल दक्षिणेले चालले का घुंगरमाळ वर चढे, घराकडं फिरले का खाली उतरे. घरच्या अंगणातून कृष्णाकाठचं आभाळ कायले शोधतं? टेकडीवर चढ अन् आभाळ जमिनीले टेकते तिथं पाह्य.

डॉक्टरचं नाव काढू नोको. डोळ्यात सुरी घालून घेणारी मी नाही. माया असू दे, म्हाताऱ्या.

धनी

तांडा
१३ मे १९६१

चि. धनीस आशीर्वाद.

तुझ्या तोंडात साखर पडो! दिवेलागणीनंतर काठी टेकत टेकडी चढलो. दक्षिणेला, पळसाच्या शेंड्यांना टेकून, होती! धने, होती! एक तारा ठळक, भोवती बारीक घुंगरं. हमरस्त्यावरचा मोहिउद्दीन मेकॅनिक त्याची जुनी दुर्बीण घेऊन सोबत आला होता. तीतून पाहिलं तर निळसर हिरेच सांडलेले. मी नाचलो. तो म्हणाला, मास्तर, टेकडी आहे, पडाल. थोड्याच वेळात क्षितिजानं माळ गिळली, पण बापू खरे ठरले.

मात्र एकट्यानं पाहिलेली घुंगरमाळ वाजत नाही गं. ऑपरेशन कर. तू येईपर्यंत मी पुन्हा टेकडी चढणार नाही, हा शब्द. प्रेम आहे, त्याला जाग.

भिया

तांडा
३ मे १९६२

चि. धनीस आशीर्वाद.

वर्ष झालं, तुझं अक्षर नाही. रागावलीस ना? आज आभाळ लख्ख आहे. मोहिउद्दीन दुर्बीण पुसून बोलवायला आला होता. मी नाही म्हणालो. शब्द तो शब्द. तू नसताना

थांब, दारात कोणी काठी आपटून विचारतं आहे, की मास्तर अजून वहाणा घालून तयार कसा नाही. अगं बाई, धनीच! नाकावर ऑपरेशननंतरचा हा जाड भिंगाचा चष्मा! म्हणते, लिहिणं पुरे कर, घुंगरमाळ उतरून जाईन.