तिसरी ताकीद

आई, तुला जाऊन बारा वर्षं झाली, आणि आज तू आठवलीस ती तुझ्या नातीच्या शाळेच्या प्रोजेक्टमुळे. विषय आहे इरोक्वा, उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी. स्वतःला ते 'लांब घराचे लोक' म्हणवतात. पूर्वी एकाच आईच्या वंशातली कुटुंबं एका लांबलचक लाकडी घरात राहायची. घर बायकांचं, लग्न करून नवरा तिथे राहायला यायचा. इथे आखातात, खलिफा सिटीतल्या आमच्या हॉलमध्ये ती मोठ्याने वाचत होती आणि मी एसीचा रिमोट शोधत होतो. "बाबा, लिसन. चीफ पुरुष असतो, पण त्याला चूज करते क्लॅन मदर. तो चुकला तर ती थ्री टाइम्स वॉर्न करते. मग त्याची हरणाची शिंगं काढून घेतात, अँड ही इज आउट!" क्लॅन मदर म्हणजे त्या वंशातली वडीलधारी बाई, शिंगं म्हणजे चीफच्या अधिकाराची खूण. मी हसायला गेलो आणि रिमोट शोधायचाच राहिला.

तूही मला ताकीद दिली होतीस. पहिली, डब्यातली भाजी अळणी म्हणून मी तुझ्या सुनेवर खेकसलो तेव्हा. ऑफिसातून येऊन ती कणीक मळत होती. तू नुसतं म्हणालीस, "असं बोलू नये रे." दुसरी, माझे ऑफिसचे लोक जेवायला आले असताना मी चारचौघांत तिची अक्कल काढली तेव्हा. पाहुणे गेल्यावर तू मला स्वयंपाकघरात बोलावलंस. "तुझे वडील असं बोलले असते तर मी त्या घरात राहिले नसते. दुसऱ्यांदा सांगतेय." तिसऱ्या वेळी तू ओट्यापाशी पोळ्या लाटते आहेस, छोटी तुझ्या पायाशी बसली आहे. तू "हे बघ" एवढंच म्हणतेस आणि मी मध्येच तोडतो, "आई, घर माझ्या नावावर आहे, तूही माझ्याच व्हिसावर आहेस. विषय खलास." तू गॅस बंद करतेस. पुढच्याच महिन्यात तू पुण्याला गेलीस आणि दोन वर्षांनी तिथे एकटीच वारलीस. फोन शेजारणीने केला.

त्या लोकांच्या रीतीने घराबाहेर मी व्हायला हवं होतं. तुझ्यानंतर मला कोणी टोकलं नाही. तुझी सून माझ्याशी कामापुरतं बोलते. आज वाचता वाचता पोरगी मध्येच थांबली, म्हणाली, "बाबा, आर यू अँग्री?" मी नुसता बघत होतो. सतरा वर्षांची पोर माझा चेहरा बघून आवाज लहान करते, आई. मला लाज वाटते.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. तुझ्या सुनेला दाखवता आलं असतं, पण तेही होणार नाही. आईला इथलं ऊन सोसेना, असं मी सगळ्यांना सांगत आलोय, तिलाही. विमानतळावर तू माझा हात धरून म्हणालीस, "व्हिसा राहू दे हं, दिवाळीनंतर येते मी." मी हो म्हणालो. आणि त्याच आठवड्यात तो कॅन्सल केला.