काविया म्हातारीची शनिवारची शाळा

साधना, तुले अन् मायले कॅलिफोर्नियातून रामराम.

माही तब्येत बरी आहे. खजुराच्या बागेतलं काम सोडलं, आता पेट्रोल पंपावरच्या दुकानात आहो. चिंता करू नको. मायचा गुडघा कसा आहे?

दुकानात एक म्हातारी येते, इथल्या मूळच्या काविया लोकांतली. लहानपणी शाळेत तिच्या भाषेपायी तिले मारलं, म्हणून तिनं लेकरांले ती शिकवलीच नाही. आता बोलणारे बोटावर मोजण्याएवढे उरले. नातवंडांले दर शनिवारी शिकवते, आपल्या मेलेल्या मायच्या आवाजाची टेप लावून.

काल मले म्हणे, "तुह्या पोरीसंग तुह्या बोलीत बोल, आयकू दे." मी फोन लावला.

"काय वं मानवी, चाय पेली काय?"

"पप्पा, असं गावठी नका बोलू. मम्मी रागावते."

"काय म्हणाली?" म्हातारीनं इचारलं. मी खोटंच सांगतलं, चाय पेली म्हणते.

कावून रागावतं वं तिले? परतवाड्याच्या बाजारात भाजी इकताना तू कोणत्या भाषेत भांडतं? मी इतक्या दूर राबून राहिलो, ते पोरीले माही लाज वाटावी म्हणून काय?

तिले रोज मायजवळ बसव. माय आहे तोवर टेप लागत नाही.

तुहा गावठी,
योगेश