ताईची तब्येत उत्तम आहे

४ फेब्रुवारी

चि. छोटीस,

आशीर्वाद. सोळा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकली असशील, म्हणून आधीच सांगतो, कुणी गेलेलं नाही. तुझी ताई धडधाकट आहे. मीही आहे.

लिफ्टच्या कंपनीतून निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली. अजूनही कुठल्या इमारतीत गेलो की नुसत्या आवाजावरून लिफ्टचं काय झिजलंय ते कळतं, पण आता कुणी विचारत नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच दोन खोल्यांत राहतो. ताईचं शिवणयंत्र खिडकीशीच आहे. सुई मात्र मी काढून ठेवली आहे.

ताई पहाटे उठते, कोमट पाणी पिते, अर्धा तास श्वासाचे व्यायाम करते, मग तेल घेऊन तळहात-तळपाय चोळते. सगळं झालं की पुन्हा येऊन कोमट पाणी मागते आणि पुन्हा व्यायामाला बसते. एखाद्या दिवशी चार-चार वेळा. शेजारच्या बायका कौतुक करतात, या वयात केवढी ही शिस्त! मी पाण्याचं भांडं पुन्हा गॅसवर ठेवतो.

तुला सांगतोच. तिला विसर पडतो. चार वर्षं झाली. आधी मापं चुकायला लागली, एकीच्या झग्याला तिने दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या. मग गॅस चालू राहायला लागला, मग घरचा रस्ता सापडेना. आता मला ती 'मिस्त्री' म्हणते. लिफ्ट दुरुस्त झाली का, असं रोज विचारते. मी 'होतेय' म्हणतो.

शरीराचं विचारशील तर गेल्या महिन्यात सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टरीणबाई कागद वाचता वाचता हसल्या. म्हणाल्या, "काका, काय जपलंय तुम्ही यांना! चाळिशीतल्या बाईचं हृदय आहे. अजून वीस वर्षं तरी काळजी नको." मी आभार मानले आणि बाहेर येऊन जिन्यात बसलो. तीही शेजारी बसली आणि खाली जाणाऱ्या लोकांना 'सावकाश' म्हणत राहिली.

खाणंपिणं तिच्याच पद्धतीने चाललंय. मोड आलेली कडधान्यं, वाफवलेल्या भाज्या, सालासकट फळं, मीठ नावापुरतं. हल्ली थोडं गोडधोड देतो. तिला आवडतं.

आता मुद्द्याचं. आम्हाला मूलबाळ नाही, हे तुला माहीत आहे. तिला काही दिवस तुझ्याकडे नेशील का? काही दिवस म्हणजे, बघू. माझी जरा कामं आहेत. ती कुणाला त्रास देत नाही, फक्त पाच मिनिटंही एकटी सोडता येत नाही.

मुलांना आशीर्वाद सांग. मुलं म्हणजे आता तिशीला आली असतील, मी उगाच लहान समजून लिहितोय.

तुझे
भावजी


२३ फेब्रुवारी

चि. छोटी,

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचं ऑपरेशन, सुनेची नोकरी, नातवाचं आजारपण, सगळं समजलं. रागही समजला. 'जिने माझ्या लेकरांचा केक त्यांच्या डोळ्यांदेखत कचऱ्यात टाकला, तिला मी माझ्या घरी आणून भरवू?' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझं बाकी सगळं पटलं. या एका वाक्यात चूक आहे आणि ती चूक माझी आहे.

तुझी ताई खाण्याच्या बाबतीत विक्षिप्त आहे, तिला शुद्धतेचं वेड लागलंय, असं तुम्ही सगळे म्हणायचात. मीही हसायचो. आठवून बघ, लग्नाआधी मटणाच्या भांड्याचा तळ कोण पुसून खायचं? साखरेचा डबा कुणापासून लपवायला लागायचा? एक्केचाळिसाव्या वर्षी मी एका गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीन रूममध्ये कोसळलो. हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी मांसाहार, तेल, साखर, सगळं बंद सांगितलं, मला. तिला नव्हे. ती घरी आली आणि दोघांचंही बंद केलं. एकाच्या ताटात एक आणि दुसऱ्याच्या ताटात दुसरं असलं की माणसाला मोह होतो, म्हणाली. पुस्तकं आणून वाचली, मला पहाटे उठवून श्वास घ्यायला शिकवलं, दर महिन्याच्या एक तारखेला शिवणाच्या टेपने माझं पोट मोजलं.

ती रोज डबा द्यायची. तो मी ज्या इमारतीत काम असेल तिथल्या वॉचमनला देऊन टाकायचो. आणि मशीन रूममध्ये बसून, कामावरच्या जोडीदाराबरोबर, कागदावर तेल सुटलेलं काहीही खायचो. निवृत्त होईपर्यंत. शहरातल्या निम्म्या वॉचमनांची तब्येत तुझ्या ताईने सुधारली असेल.

सोळा वर्षांपूर्वी तू आलीस त्याच्या आठवडाभर आधी माझा हृदयाचा रिपोर्ट पुन्हा वाईट आला होता. तिने तो कुणालाही सांगितला नव्हता. तू आणलेला केक तिने मुलांसाठी म्हणून कपाटात नीट वर ठेवला होता. दुपारी तुम्ही पडला होतात तेव्हा मी तो काढून अर्धा संपवला. चार वाजता मुलांना द्यायला तिने खोकं उघडलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या मिशीला क्रीम लागलं होतं. उरलेलाही मी खाईन या भीतीने ती तशीच कचऱ्याच्या बादलीपाशी गेली. तू ओरडलीस. ती एवढंच म्हणाली, "या घरात हे चालत नाही." तिला एक वाक्य बोलता आलं असतं. मलाही आलं असतं. मी पेपर वर धरला.

तू संध्याकाळच्या गाडीने गेलीस. मी तिला विचारलं, सांगितलं का नाहीस? "तुम्हाला तिच्यासमोर खाली बघायला लावू? येईल ती परत, महिन्या-दोन महिन्यांत." तुला पत्र लिहून खरं सांगायचं माझ्याकडे होतं. लिहीन लिहीन म्हणत राहिलो. नंतर ती विसरली आणि मला बरं वाटलं.

माझी कामं कसली, ते तू विचारलंयस. डिसेंबरात माझं निदान झालं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. नावात स्वाद आहे आणि घास उतरत नाही. सहा-आठ महिने म्हणतात. ज्या हृदयासाठी तिने सगळं सोडलं, ते मात्र व्यवस्थित चाललंय.

आता जे लिहितोय ते वाचून पत्र फाडून टाक.

निदान झालं त्या आठवड्यात मी क्रीमची बिस्किटं, जॅम, तळलेल्या बटाट्यांच्या पुड्या घरी आणल्या. तिला आवडेल म्हणून. ते खोटं नव्हतं. पहिलं बिस्कीट तिने उघडलं, क्रीम चाटलं आणि डोळे मिटून बसून राहिली. पण माझ्या मनात ती माझ्याआधी जावी, हे होतं. मी गेल्यावर तिला पाणी कोण देणार, या विचाराने मला वेड लागायची पाळी आली होती. म्हणून मी मीठ वाढवलं. भाज्या लोण्यात परतल्या. सहा आठवडे हे केलं आणि मग रक्त तपासायला नेलं. मागच्या पत्रात लिहिलेल्या तपासण्या त्याच. सगळं उत्तम निघालं. तिने इतकी वर्षं शरीर असं बांधलंय की माझ्या सहा आठवड्यांनी त्याला ओरखडाही उठला नाही. डॉक्टरीणबाईंनी माझंच कौतुक केलं.

आता तो विचार सोडला. बिस्किटं देतो, कारण ती मागते.

शहराबाहेर निराधार वृद्धांची एक संस्था आहे, तिला घेऊन तिथे जाऊन आलो. व्यवस्थापकांनी तिला अंगणात झपझप चालताना पाहिलं आणि नाही म्हणाले. अंथरुणावर असलेली माणसं ते घेतात. चालणारी निघून जातात आणि मागे धावायला त्यांच्याकडे माणसं नाहीत. "या तर आमच्यापेक्षा फिट आहेत," म्हणाले.

तू यावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. फक्त तिच्यावरचा राग काढून माझ्यावर ठेव.

भावजी


१९ एप्रिल

छोटी,

तू चार दिवस येऊन गेलीस, त्याबद्दल काय लिहू? तुला तिने शेवटपर्यंत ओळखलं नाही. टेप काढून तुझ्या खांद्याचं माप घेतलं, बाही सैल ठेवू का विचारलं. तू 'ठेवा' म्हणालीस आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडलीस. नळाने काही आवाज झाकला जात नाही, आमचा नळ तर मुळीच नाही. तिला घेऊन जाते असं तू म्हणाली नाहीस आणि मी विचारलं नाही. दोघांनीही तेवढं एकमेकांना सांभाळून घेतलं. तुझा गुडघा जिन्यात कसा वाकत होता ते मी पाहिलंय.

आता पुढचं. माझं दुखणं वाढल्यापासून दुपारच्या गोळीने मला गुंगी येते. तेव्हा तुला जाऊन दहा दिवस झाले असतील. मी जेवणानंतर पडलो होतो. ती तेल लावून तशीच न्हाणीघरात गेली आणि घसरली. हाक मारली की नाही कोण जाणे. मला जाग आली तेव्हा ती फरशीवर पडून दीर्घ श्वास घेत होती, शिकवतात तसा, मोजून. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. पण चालायचे व्यायाम करायचे तर सांगितलेलं लक्षात राहायला हवं. ती आता उभी राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मी संस्थेत फोन केला. त्यांनी अंथरुणावरच आहेत ना, असं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, आणा.

मला आनंद झाला, छोटी. लिहायला हात धजत नाही, पण झाला. फोन ठेवल्यावर मी कित्येक दिवसांनी अर्धी वाटी भात खाल्ला आणि तो पोटात राहिला.

काल तिला पोचवून आलो. खोलीत सहा खाटा आहेत, तिची दाराजवळची. जेवण सगळ्यांना एकच, मऊ आणि पिवळं. त्यात काय असतं ते मी विचारलं, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, पोटभर असतं." तिच्या पथ्याची यादी मी लिहून नेली होती. ती खिशातच ठेवली.

निघताना तिने माझा हात धरला. वर बघून म्हणाली, "मिस्त्री, जेवलात का?"

मी म्हटलं, "जेवलो."

"वेळेवर जेवत जा. आमच्या ह्यांना सांगून थकले मी. पण ऐकतात हो ते, डबा रोज पूर्ण संपवून आणतात."

शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही तिने हेच सांगितलं, मोठ्या कौतुकाने. मी तिथे उभा होतो. खरं सांगायला ही जागा नव्हती आणि दुसरी आता मिळणार नाही.

सोमवारी मी सरकारी हॉस्पिटलात भरती होतोय. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथून संस्थेत जायला दोन बस लागतात आणि मला आता एकही झेपत नाही. म्हणजे कालची भेट ती शेवटची. तिला कुणी काही सांगू नये, असं तिथे लिहून दिलंय.

खोल्या रिकाम्या केल्या आहेत, निघताना किल्ली खाली देईन. शिवणयंत्र संस्थेतल्या बाईंनी ठेवून घेतलं. तुझं उत्तर या पत्त्यावर पोचणार नाही. लिहावंसं वाटलंच तर ताईला लिही, संस्थेचा पत्ता मागे लिहिलाय. तिला कळणार नाही, पण पत्र आलं की ती हातात धरून बसते.

तिचा आणि तुझा अपराधी,
भावजी