नवा मासा आणि तुझ्या गळ्यातला टाक

मावशी,

मागच्या रविवारी मी सुरतेला जाऊन एक मासा घेऊन आलो. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. प्रकाशा गावाहून तापीतला मासा आणायचा तो रश्श्यासाठी, हे तुझं गणित. हा पोसायचा मासा आहे. बोटाएवढा, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. राहतो समुद्रात, आणि समुद्र तर तू कधी पाहिलाच नाहीस. आम्ही तो समुद्र घरीच करतो. कारखान्याच्या लॅबमध्ये ज्या काचेच्या नळीने मी उसाच्या रसाची गोडी मोजतो, तसलीच एक मिठाच्या पाण्यात सोडतो. तिला मीठ काय नि साखर काय. साडेसहाच्या खुणेवर तरंगली की समुद्र झाला. लॅबमधले सोबतचे हसतात, हसोत बापडे.

फिशटँक माझ्या बायकोचा आणि मुलीचा. बायको दीड वर्षापूर्वी गेली. तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी ती या घरात आली, त्यामुळे तुमची गाठ पडली नाही. टँकमध्ये जोडी होती. उन्हाळ्यात एकदा दिवसभर वीज नव्हती, पाणी तापलं आणि त्यातला नर मेला. मोठी मादी एकटी राहिली. आणि आता पुढच्या महिन्यात मी दुसरं लग्न करतोय. धडगावच्या शाळेतल्या बाई आहेत. येताना मुलीसाठी काहीबाही आणतात, मुलगी थँक्यू म्हणते आणि आत निघून जाते. दहावीतली पोर, तिला बळजबरी तरी काय करणार?

सुरतेच्या दुकानदाराने बजावलं होतं, नवा मासा जुन्यापेक्षा लहानच घ्या, बरोबरीचा घेतलात तर जीव जाईस्तोवर भांडतील. लहान घेतला. आधी त्याला भोकांच्या डबीत घालून टँकमध्ये ठेवलं, म्हणजे एकमेकांना दिसतील पण चावता येणार नाही. थोरली डबीवर धडका मारत होती. मुलगी समोर स्टूल टाकून बसलेली. थोरलीचा राग जरा थंडावल्यावर डबी उघडली. लहानगा बाहेर आला आणि तिच्यासमोर अंग तिरकं करून थरथरायला लागला. "पप्पा, घाबरलाय तो," मुलगी म्हणाली. मी म्हणालो, "घाबरला नाही. तू थोरली, मी धाकटा, असं सांगतोय. ते कबूल केलं की ती राहू देते." सांगता सांगता मला तूच दिसलीस.

आई गेल्यावर वडिलांनी तुला लग्न करून आणलं तेव्हा मी आठ वर्षांचा. आत्याने सांगितलं, हिला मावशी म्हण, म्हणून मावशी. तुझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा छोटा टाक होता, त्यावर माझ्या आईची आकृती. घामाने तो काळा पडायचा आणि तू राखुंडीने घासायचीस. भाकरीचा पहिला तुकडा त्याला दाखवायचा, मग तू जेवायचीस. दिवाळीला वडिलांनी तुला जांभळं लुगडं आणलं. चुलीपुढे बसून तू त्याची घडी टाकाला लावतेस. मी विचारतो, हे काय? "पहिले तिले दावसू, मंग मी नेससू." मी टाक मुठीत धरून ओढतो, तेव्हा तू माझ्या हातावर चापट मारतेस. "वढू नको. तुन्ही माय शे ती. मन्ही मोठी बहीन शे." त्या घरात तू मला एवढी एकच चापट मारलीस. त्या धाकट्या माशाची थोरली निदान जिवंत असते, कधीतरी निवते. तुला जन्मभर एका मेलेल्या बाईसमोर धाकटी राहायचं होतं.

आत्या अजून आहे, आणि अजून तिचंच चालतं. परवा आली आणि म्हणाली, "सोनारले सांगी ठेयेल शे. पहिलीना टाक दुसरीना गळामा जोयजेच." मुलगी टँकमध्ये खाणं टाकत होती. हात पुसून आमच्यासमोर आली. "तो टाक मला द्या. मम्मी माझी आहे. त्यांनी कशाला तिच्या पाया पडायचं?" आत्याने कपाळावर हात मारला. हे बोलणं त्या बाईंना दूर ठेवणारं होतं की मोकळं करणारं, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही असेल. पण सोनाराकडून टाक मुलीनेच आणला. तुझ्या गळ्यातला दोरा असा कुणी आपल्याकडे घेतला नाही.

मावशी, भेटेल त्याला मी सांगत आलोय की हे लग्न पोरीसाठी करतोय. तुला आणलं तेव्हा वडीलही हेच सांगत, पोरासाठी आणली म्हणून. तू ते चुलीपाशी ऐकत असायचीस. त्यांनी कधी दुसरं काही म्हटलं का, मला माहीत नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच खरं ते लिहितो. पोरीला कुणाची गरज नाही. मला त्या बाई आवडतात.