काकांना मात दिली, त्याची हकीकत

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार, आणि तुमच्या राजाला माझ्या हत्तीकडून वेगळा. शह आणि मात! एकवीस वर्षं आपण टपालाने बुद्धिबळ खेळतोय आणि पहिल्यांदाच पुतणी जिंकली. तुमचं पत्र उघडल्यावर मी खुर्चीवर उभी राहून ओरडले. (खुर्ची चाकांची होती. गुडघा आता बरा आहे.) तुमची तब्येत कशी आहे? काकू कशी आहे? आणि काटकसर? कागदाची दोन बोटं जागा कोरी राहिली तरी तुम्हाला जेवण जात नाही, म्हणून आवर्जून विचारते.

आता आमच्या दिवट्याचे प्रताप ऐका. पक्षाघाताचा रुग्ण आला की डोक्याच्या स्कॅनमधून मेंदूतली गुठळी झटकन हेरायची, हे आम्ही दोन वर्षं कॉम्प्युटरला शिकवतोय. कारण तिथे मिनिटाला लाखो पेशी मरतात आणि डॉक्टरला तर डोळे दोनच. गेल्या महिन्यात कार्ट्याने शंभरातले अठ्ठ्याण्णव बरोबर ओळखले! आमच्या विभागप्रमुख बाई कधी हसत नाहीत, त्या हसल्या. केक कापला. तेवढ्यात स्कॅन काढणारे तंत्रज्ञ आले, केकचा मोठा तुकडा उचलला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सगळ्या आजारी लोकांच्या डोक्याखाली एकच उशी कशी काय हो?"

झालं! तातडीच्या खोलीतल्या मशीनला वेगळी उशी आहे आणि पक्षाघाताचे रुग्ण तिथेच जातात. आमचं रत्न मेंदूकडे ढुंकूनही बघत नव्हतं, उशी बघून निकाल देत होतं. खात्रीसाठी आम्ही त्या उशीवर एक कलिंगड ठेवून स्कॅन काढला. कलिंगडाला पक्षाघात निघाला, तोही गंभीर. (बाईंचं हसू तेव्हापासून बंद आहे.)

पण काका, खरी मजा पुढेच आहे! चित्रांतल्या उशा कापून टाकल्या आणि त्याला पहिल्यापासून शिकवलं. परवा त्याने एका आजींच्या मेंदूत मोहरीएवढी गुठळी दाखवली, जी स्कॅन बघणाऱ्या आम्हा तिघांच्या नजरेतून सुटली होती. डॉक्टरांनी ती लगेच काढली. आज सकाळी आजींनी स्वतःची वेणी स्वतः घातली, आणि मी जिन्यात बसून आनंदाने रडले. तुम्हाला मात दिल्यावरही मला इतकं भारी वाटलं नव्हतं.

बाकी सर्व क्षेम. पराभव मोठ्या मनाने कबूल करावा.

तुमची विजयी,
भिंगरी

ता. क. वरचं सगळं खरं आहे, पण खरं काम आता सांगते. आज जिन्यातून वर आले आणि तुमचं पत्र चौकटीत लावायला घेतलं. प्रत्येक पत्रात तुम्ही पट काढून सोंगट्या मांडता. या वेळी डावीकडच्या तीन रांगा काढलेल्याच नाहीत. माझा हत्ती तिथूनच चालत आला. मीसुद्धा उशीच बघत बसले, काका. जिंकले तेवढं बघितलं, तुमच्याकडे बघितलंच नाही. काकूला फोन केला. ती म्हणाली, आठवडाभर ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, डावा खांदा दाराला आपटतो, आणि विचारलं तर तुम्ही म्हणता, "मला काय धाड भरलीय?" मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला की डोळे शाबूत असूनही डावीकडचं जग हरवतं, आणि हरवलंय हेही कळत नाही. मला फार भीती वाटतेय. हे पहिल्याच ओळीत लिहिलं असतं तर तुम्ही पत्राची पुडी बांधून ठेवली असती, म्हणून गाडी निघेपर्यंत एवढं लिहिलं. पत्र घेऊन आलेले आमचे ड्रायव्हर दारातच उभे आहेत. त्यांना चहा विचारू नका. काकूची पिशवी भरून तयार आहे.

आणखी एक ता. क. "मला काही झालेलं नाही" म्हणण्याआधी एवढंच बघा. या पत्राच्या प्रत्येक पानाचा डावा अर्धा भाग मी कोरा सोडलाय. इतका कागद वाया गेला आणि तुम्ही अजून माझ्या नावाने ओरडला नाहीत. चपला घाला, काका. तो डाव मी मोडलाय. नव्या डावात पांढऱ्या सोंगट्या तुमच्या.